टार्गेटसाहेबांना अनावृत पत्र

मुक्काम हुबळी

माननीय टार्गेटसाहेब यांसी,
शिरसाष्टांग नमस्कार.

साहेबांचा पुतळा हुबळीत अजून कुणी उभारलेला नाही. पण श्री सिद्धारूढ स्वामीजी स्थानकात 1507 मीटरचा फलाट आहे, तो साहेबांनी स्वतःचाच समजावा. 12 मार्च 2023 रोजी पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं लोकार्पण झालं. खर्च सुमारे 20 कोटी रुपये. गोरखपूरचा 1366 मीटरचा विक्रम मागे पडला, गिनीज बुकात नोंद झाली. धारवाडकरांनाही हुबळीचं कौतुक करावं लागलं, हा खरा विक्रम. त्याची नोंद तेवढी राहिली.

फलाट बिनकामाचा नाही, हेही कबूल केलं पाहिजे. एका वेळी दोन गाड्या लागतात आणि दोन दिशांना सुटतात. पण ही सोय कुणाच्या तोंडी नाही. तोंडी आहे ती लांबी. चोवीस डब्यांची गाडी जेमतेम सहाशे मीटर भरते. ती दूरच्या टोकाला लागली, तर बोचकं काखोटीला मारून आजीबाईंनी जी पायपीट करायची, ती साहेबांच्या कुठल्याच तक्त्यात येत नाही.

रेल्वेवर साहेबांची कृपा जुनीच. गाडी वेळेवर आली की नाही, हे मोजायचं ते शेवटच्या स्थानकावर. मधल्या गावांत ती कितीही रखडो. 2022 साली संसदेत आलेल्या अहवालात ‘कॅग’ने या हिशेबावर बोट ठेवलं. वेळापत्रक बनवणाऱ्यांनी मात्र शेवटच्या टप्प्याला ऐसपैस मिनिटं देऊन ठेवलेली असतात. गाडी आऊटरला सिग्नलची वाट बघत उभी, प्रवासी दारात बॅगा घेऊन उभे, आणि कागदावर सगळं टायमात!

तरी साहेबांचा खरा दरबार भरतो तो बँकेत.

जनधन योजनेत 23 ते 29 ऑगस्ट 2014 या एका आठवड्यात 1 कोटी 80 लाख 96 हजार 130 खाती उघडली गेली. तिथंही गिनीज. मग कुणीतरी खात्यांत डोकावलं, तर त्यांतली बहुतेक रिकामी. आता ‘शून्य शिल्लक’ हा आकडा खाली आणायचा होता. सप्टेंबर 2016 मध्ये ‘इंडियन एक्स्प्रेस’ने शोधून काढलं, की सरकारी आणि ग्रामीण बँकांतल्या सुमारे 1 कोटी 5 लाख जनधन खात्यांत शिल्लक होती फक्त एक रुपया. खातेदारांना त्याचा पत्ताच नव्हता. वरून दट्ट्या आल्यावर कर्मचाऱ्यांनीच तो भरला होता; कुठं करमणूक भत्त्यातून, कुठं कँटीनच्या अनुदानातून. गरिबाच्या पदरात बँकिंग पडलं की नाही कुणास ठाऊक, बाबू लोकांचा चहा मात्र गेला.

योगायोग बघावा: त्याच महिन्यात अमेरिकेत वेल्स फार्गो बँकेला 18.5 कोटी डॉलरचा दंड झाला. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या गळ्यात बँकेच्या आठ योजना मारायच्या, असं तिथलं टार्गेट. गिऱ्हाइकं ऐकेनात, तेव्हा कर्मचाऱ्यांनी त्यांना न विचारताच लाखो खाती उघडली. सुमारे 5300 जणांची नोकरी गेली. आठ हा आकडा साहेबांनी ठरवला. दंडाच्या पावतीवर साहेबांचं नाव कुठंच नव्हतं.

असो. मार्च एंडिंगच्या धामधुमीतून सवड काढून साहेबांनी एकदा हुबळीला यावं. सोबत दोन जड बॅगा असाव्यात आणि डबा शेवटचा असावा. स्वागताला मंडळी येतील, हारही असेल. फक्त ती थांबतील फलाटाच्या दुसऱ्या टोकाला.

कळावे, लोभ कमी असावा.
आपला,
एका रुपयाचा खातेदार