चिमूरचा समुद्र

चिमूरला समुद्र पूर्वीपासून येतो, पण तुकड्यातुकड्याने. वाण्याकडे तो मिठाच्या पुड्यात येतो, आठवडी बाजारात सुकटीच्या ढिगाशेजारी बसतो आणि माघातल्या घोडायात्रेत बालाजीच्या देवळाबाहेर शंख-शिंपल्यांच्या दुकानात पाय पसरतो. याहून अधिक समुद्राची आम्हाला कधी गरज पडली नाही. सरळ रेषेत मोजला तरी तो पाचशे किलोमीटरच्या आसपास दूर, आणि जवळचा म्हणावा तर तोही मुंबईचा नव्हे, बंगालच्या उपसागराचा. गावातून त्याच्या भेटीला नेमाने जाणारी एकटी उमा नदी. वैनगंगेच्या सोबतीने प्राणहितेत, तिथून गोदावरीत. पण गेलेली उमा परत येऊन काही सांगत नाही. उरलेलं गाव जंगलाकडे तोंड करून बसलेलं. वाघ पाहायला आलेल्या गाड्या कोलारा गेटकडे वळतात, त्यांची धूळ आमच्या सोयाबीनवर बसते, आणि १६ ऑगस्टला आम्ही १९४२च्या हुतात्म्यांना हार घालतो. यात खारं पाणी कुठेच नाही.

अशा गावात गेल्या उन्हाळ्यात समुद्र सगळाच्या सगळा आला, तोही काचेच्या पेटीत बसून. नातीची परीक्षा संपली, आणि पुण्याहून नात, तिची बॅग आणि शंखात राहणारे चार खेकडे अशी वरात दारात उतरली. हे खेकडे जमिनीवरचे. पाण्यात बुडवून ठेवले तर मरतात, कोरडे ठेवले तरी मरतात. मधे जी चिंचोळी जागा उरते, तिला नात ‘सेटअप’ म्हणते. पुढून पाहावं तर चिलखत घातलेला सरदार, आणि मागचं अंग मऊ, उघडं, एका बाजूला वळलेलं. ते झाकायला मेलेल्या गोगलगायीचा शंख लागतो. जन्मभर दुसऱ्याच्या घरात राहायचं आणि ते घरही स्वतःच वाहायचं. जिल्हा परिषदेच्या शाळांपायी आयुष्य भाड्याच्या खोल्यांत काढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला या प्राण्याची वेगळी ओळख करून द्यावी लागली नाही.

“आबा, यांना सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रता लागते,” नात म्हणाली. मी खिडकीबाहेर पाहिलं. मे महिन्यात आमच्या जिल्ह्यात पारा ४५-४६ला टेकतो, आणि धुतलेलं फडकं दोरीवर टाकून मागे वळावं तोवर कडकडीत वाळतं. पण हा खेकडा जमिनीवर आला तरी श्वास कल्ल्यांनीच घेतो, आणि कल्ले ओले असले तरच ते चालतात. कोरड्या हवेत तो हळूहळू गुदमरतो. बरेच दिवस तग धरतो, त्यामुळे पाळणाऱ्याला वाटतं की ठीक चाललंय. नातीकडच्या माहितीत पेटीला हीटर कुठे लावावा याची सविस्तर आकृती होती. ती थंड देशातल्या कुणीतरी काढलेली. चिमुरात मे महिन्यात हीटर विकत मागितला असता तर दुकानदाराने आधी मला सावलीत बसवून पाणी पाजलं असतं. आम्हाला पेटी २८ अंशांच्या आसपास रोखून धरायची होती. तेव्हा तिच्यावर काचेचं झाकण घातलं, घरातली सर्वांत थंड, देवघराला लागून असलेली खोली तिला दिली आणि कूलरही तिकडे हलवला. “माणसं उकडून निघाली तरी चालतील,” ही बोलली खरी, पण दुपारी वीज गेली की पेटीभोवती ओला पंचा गुंडाळायला तीच आधी उठायची. कूलरच्या ताट्यांचा तो ओला, गवताळ वास देवघरातल्या उदबत्तीत मिसळला, आणि आमच्या देवांनीही तो उन्हाळा जरा सुखात काढला असावा.

पाण्याच्या दोन वाट्या लागतात, एक गोडी आणि एक खारी. दोन्हींतलं क्लोरीन आधी औषधाचे थेंब टाकून काढायचं. खाऱ्या वाटीत घरातलं मीठ टाकावं असा हिचा साधा प्रस्ताव होता; पण आयोडीन घातलेलं मीठ यांना चालत नाही, समुद्राच्या पाण्यातले सगळे क्षार असलेली वेगळी पूड आणावी लागते. ती कुरिअरने आली. काय आहे म्हणून पोऱ्याने विचारलं, तेव्हा मी त्याला खरं तेच सांगितलं: “समुद्र आहे. फक्त पाणी घालायचं बाकी आहे.” त्याने सही घेतली आणि जरा घाईनेच गाडी सुरू केली.

खाण्याचा मात्र प्रश्न पडला नाही. ओलं खोबरं, फळाची फोड, कुटलेलं अंड्याचं कवच आणि बाजारातली बिनमिठाची सुकट. रात्री दिवा मंद करून मी पाहत बसे. आधी शंखाच्या तोंडाशी जांभळट रंगाची मोठी डावी नांगी दिसते. दार लावून घ्यायची ती हीच. ती जराशी सरकते, दांडीवरचे दोन डोळे बाहेर येतात, मिशा हवेत काहीतरी लिहून पुसून टाकतात. मग उजव्या, लहान नांगीने सुकटीचा कण तोडून तो तोंडाशी नेतो, आणि तोंडाजवळचे बारीक अवयव इतके लगबगीने हलतात की कुणी न ऐकू येणारी जपमाळ ओढतंय असं वाटावं. एक समुद्रातून वाळून आलेला, एक चालत आलेला; दोघांची गाठ पडावी ती चिमुरात.

मग एके दिवशी सर्वांत मोठा दिसेनासा झाला. कात टाकायला तो वाळूत खाली जातो, म्हणून तळाशी वाळू आणि नारळाच्या भुशाचा चांगला वीतभर थर द्यावा लागतो, आणि तो इतका ओलसर की भुयार ढासळू नये. खाली अंधारात तो जुनं कवच सोडतो, नवं कडक होईपर्यंत पडून राहतो आणि जुनं कवच खाऊन टाकतो. याला कित्येक आठवडे लागतात, मोठ्याला त्याहून जास्त. या काळात उकरून पाहिलं तर तो हमखास दगावण्याची भीती. मेला असेल तर सडक्या मासळीचा वास येतो, एवढीच काय ती बातमी वर पोचते. त्यामुळे घरातलं प्रत्येक माणूस येता-जाता पेटीवर वाकून हुंगू लागलं. दूध घालायला आलेली बाईसुद्धा एकदा हुंगून “नाही जी, काही नाही” असा निर्वाळा देऊन गेली.

नातीचा धीर सुटत चालला होता. तो पुन्हा बांधला आमचं शेत करणाऱ्या भाऊंनी. धानाच्या बांधांतल्या खेकड्यांशी त्यांचं जुनं भांडण आहे, कारण बिळांतून बांधीचं पाणी निसटतं. आणि तितकीच जुनी मैत्रीही आहे, कारण पावसाळ्यात रस्सा होतो. ते म्हणाले, “बांधीतला बी उन्हाळ्यात खालीच जाते. पहिल्या पाण्याले येते वर. उकरू नोका जी.” भाऊंच्या या एका वाक्यात पाळण्याची निम्मी विद्या आली. आपण पाळतो म्हणजे सतत काहीतरी करतो असं वाटतं. इथे ओलावा राखायचा आणि हात बांधून बसायचं. आमच्या बांधीतल्या खेकडीचं एक बरं आहे. ती पिल्लं पोटाखाली घेऊन फिरते, समुद्राचं तिला काही देणं लागत नाही. शंखवालीला मात्र अंडी सोडायला समुद्राकाठीच जावं लागतं, पिल्लांचं बाळपण लाटांत तरंगत जातं. पेटीत हे सहसा साधत नाही. त्यामुळे दुकानात दिसणारा जवळजवळ प्रत्येक खेकडा कुठल्या तरी किनाऱ्यावरून उचललेला असतो. जपानने यांना १९७० सालीच राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा ठरवून उचलाउचलीवर बंधन आणलं.

पहिला पाऊस झाला आणि मोठा वर आला, चकचकीत, आणि जुन्या शंखात न मावणारा. नातीने रिकामे शंख मांडून ठेवले होते. रंग न लावलेले, कारण रंगाचे पोपडे यांच्या पोटात जातात. त्याने प्रत्येक शंख नांगीने आतून मापला, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच उघडं अंग एका घरातून काढून दुसऱ्यात सरकवलं. त्याचा शंख दुसऱ्याने घेतला, दुसऱ्याचा तिसऱ्याने. किनाऱ्यावर म्हणे हे खेकडे उंचीप्रमाणे रांग लावून उभे राहतात आणि एक घर रिकामं झालं की सगळी रांग एकेक घर पुढे सरकते. जिल्हा परिषदेतल्या बदल्याही अशाच होत, फक्त इथे कुणाची शिफारस लागली नाही. जमिनीवरच्या खेकड्यांना तर नवाकोरा शंख सहसा आवडतच नाही. आधीच्या पिढ्यांनी आतून कोरून ऐसपैस केलेला जुनाच हवा असतो. तसा मिळाला नाही की काय होतं तेही दिसू लागलंय: २०२४ साली पोलंडच्या संशोधकांनी जगभरातली छायाचित्रं तपासली, तेव्हा ३८६ खेकडे कचऱ्यात घर करून राहिलेले आढळले, बहुतेक प्लास्टिकच्या झाकणांत.

लहानपणी यात्रेत वडिलांनी मला एक शंख घेऊन दिला होता. कानाला लावला की समुद्र ऐकू येतो म्हणाले, आणि मला तो ऐकू आलाही. शंखात घुमतो तो भोवतालचाच आवाज, हे पुढे मीच वर्गात मुलांना शिकवलं. म्हणजे मी ऐकला तो समुद्र घोडायात्रेतल्या भोंग्यांचा, पाळण्यांचा आणि माझ्या नावाने हाका मारणाऱ्या आईचा होता. तो शंख अजून कपाटात आहे, आतून गुळगुळीत, प्रशस्त, एखाद्या मोठ्या खेकड्याच्या मापाचा. जाताना नातीने तो मागितला आणि पेटीत ठेवला. मी दिला, कपाटात त्याचा कुणाला उपयोग नव्हता.

दिवाळीत अलिबागला, मालवणला निघालेल्या आमच्याकडच्या मंडळींना तेवढं सांगायचं होतं. ओहोटीच्या डबक्यांत यांचे पाण्यात राहणारे भाऊबंद भेटतील. चालणारा शंख घरी आणू नका, आपल्या घरचं ऊन त्याला सोसणार नाही. आणि रिकामा दिसला तर हातात घ्या, कानाला लावा, मुलांनाही लावू द्या, मग होता तिथेच ठेवून द्या. त्याला गिऱ्हाईक आहे.