शंभरातले ब्याण्णव परत!

नेवाडाचा कायदा मोठा दयाळू. लास वेगासच्या स्लॉट मशीनने लांब पल्ल्यात किमान ७५ टक्के परत द्यायलाच हवेत. न्यू जर्सीत तर ८३! केवढा हा दानधर्म! त्यात ९२ टक्क्यांचं मशीन सापडलं की गडी खूश: शंभरातले आठच जाणार. पण टक्के खिशावर नसतात, लावलेल्या प्रत्येक डावावर असतात. आलेले ब्याण्णव पुन्हा लावले की उरतात पंच्याऐंशीच्या आत, मग अठ्ठ्याहत्तर... डॉलरचा एक, असे तासाला ६०० डाव म्हणजे सरासरी ४८ डॉलर स्वाहा. तीही सरासरी लाखो डावांची. मशीनला मागचा डाव आठवतही नाही. तरी ‘आता देणारच’ म्हणत भाविक खुर्ची सोडत नाहीत. देतंही कधीकधी. शेजारच्याला.