गिरिस्थानीचे विद्यार्थिजीवन

टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८६ साली तुळजापुरी आपले ग्रामीण ठाणे मांडल्यापासून, दूरदूरच्या प्रांतांतून डोंगरावर शिकावयास निघालेला विद्यार्थी देवदार आणि धुके मनात व लोकरी स्वेटर पेटीत भरून सोलापुराहून घाट चढतो, आणि उतरतो तो बालाघाटाच्या काळ्या खडकावर, कुसळी गवतात व उन्हात. येथे डोंगर चढून आल्यावर देवीच्या दर्शनास पायऱ्या उतराव्या लागतात, हा पहिला धक्का. पाणीटंचाईवरील ग्रंथ ग्रंथालयात धुंडाळणाऱ्या या अभ्यासकास नळाखालची कोरडी बादली ही संदर्भसाधनांपैकी एक आहे हे सुचावयास बहुधा पहिला उन्हाळा जावा लागतो.

गावात खोली घ्यावयाची झाल्यास घरमालक त्याची जात मुळीच विचारीत नाही (काळ सुधारला आहे!), केवळ पूर्ण नाव, मूळ गाव आणि 'खाणेपिणे' यांची हकिकत ऐकून घेतो, आणि भाडे आगाऊ मोजून घेतल्यावर सहज सुचवितो की नवरात्रापासून अश्विनी पौर्णिमेपर्यंत खोली मोकळी करावी, कारण त्याच खोलीतल्या सतरंजीचे भाडे यात्रेकरू राजीखुशीने दामदुप्पट देतात. करारनाम्यात हे कलम नसते, करारनामाच नसतो.