वेशीबाहेरचा चेंडू

1387 साली हॉलंडचा कारभार पाहणाऱ्या आल्ब्रेख्तने ब्रिले शहरात पैसे लावून खेळण्यावर बंदी घातली. मोजक्या अपवादांत बसला तो काठीने चेंडू टोलवण्याचा ‘कोल्फ’. अट एवढीच, की तटाबाहेर जाऊन खेळा. दोन वर्षांनी हार्लेमकरांना त्याने खेळायला मैदानच देऊन टाकले, कारण शहरात लोकांची डोकी सुरक्षित नव्हती.

आजच्या गोल्फमध्ये तट गेले, हद्द दाखवणाऱ्या खुंट्या आल्या.

पाणथळ नेदरलँड्समध्ये चेंडूला चराची ओढ फार. शिवाय काही जागा रानफुलांसाठी राखीव: चेंडू समोर दिसतो, पण तिथून मारायचा नाही. बेडकाला मात्र दंड नाही. चेंडू हरवलाच, तर 2019 पासून क्लब हौशी मंडळींना मागे न धाडता दंडाचे दोन फटके देऊन पुढे सोडू शकतो. पावसाळी दिवसांत आणखी लाड: चेंडू उचला, पुसा, बऱ्या जागी ठेवा. किती लांब, ते क्लब ठरवतो, कधी काठीभर. ही काठी म्हणजे पिशवीतली सर्वांत लांब, पण चेंडू भोकात ढकलायचा पटर सोडून.

लांबलचक पटर बाळगणाऱ्यांची चलाखी कोणीतरी आधीच ओळखली होती.