दहा मिनिटांचं काम

करडीला, आमच्या भाऊजींच्या घरी, मिस्त्री फक्त चहा प्यायला येतो. पंखा, मोटारपंपाचा फूटव्हॉल्व्ह, दाराची कडी, कवेलू फेरणं, सगळं भाऊजी स्वतः करणार. "दहा मिंटाचा काम हाये, त्याच्यासाठी पैसे कायले देऊन राह्यली?" हे ताई लग्नापासून ऐकते आहे.

यंदा रोवणं आटोपत आलं तेव्हा ताईची कंबर गेली. बांधीतल्या चिखलाचे कपडे वाकून वाकून किती घासणार? मागच्या वाडीत, भिंतीला, उभ्यानं धुता येईल असं सिंक हवं, एवढंच तिचं म्हणणं. भाऊजी तुमसरला गेले आणि स्टीलचं सिंक घेऊन आले. २४ बाय १८, खोली १० इंच. सोबत दोन ब्रॅकेट आणि चार फास्टनर.

टेप घरात होता. पण भाऊजींचा भरवसा स्वतःच्या देहावर. वीत त्यांची, हात त्यांचा, पाऊलही त्यांचंच. ते भिंतीला पाठ लावून उभे राहिले, बेंबीच्या रेषेत पेन्सिल टेकवली आणि म्हणाले, "बस, हे हाइट." मी टेप लावला. ४१ इंच. भाऊजी सहा फुटाला टेकलेले, ताई पाच फुटाच्याही आत. मिस्त्री लोक ३२च्या आसपास धरतात, असं मी म्हटलं. धुणं कोण धुतं, असंही विचारलं. तोवर त्यांनी ड्रिल सुरू केलं होतं.

भिंतीचा प्लास्टर तेवढा सिमेंटचा. आत मातीत बसवलेल्या विटा. आधी पांढरा भुगा, मग लाल, मग नुसती माती. अशा भिंतीत फास्टनर फुगून धरणार कशाला? पाना फिरवला की जात्याच्या खुंट्यासारखा आख्खाच फिरायचा. भाऊजींनी वेळूची पाचर ठोकली, ब्रॅकेटला स्वतः लोंबकळून दाखवलं. "मी पडलो का? मंग सिंक काऊन पडते?"

मी गणित मांडलं. काठोकाठ भरलं तर सत्तर लिटर पाणी, म्हणजे सत्तर किलो, आणि तेही भिंतीपासून पुढे आलेलं. वरच्या दोन बोल्टांना बाहेर ओढणार. भाऊजी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहू लागले. "पान्याचा वजन कोन मोजते, बाबू? पानी तं वाहून जाते."

ताईनं दुसऱ्याच दिवशी पाटावर उभं राहून बूच लावलं, नळ सोडला आणि साबणाचं पाणी करून कपडे भिजत घातले. ती आत चहा टाकायला गेली म्हणून बरं. सिंक, ब्रॅकेट आणि हातभर प्लास्टर एकदमच खाली आले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "वेळू ओला होता."

मग मिस्त्री आला. त्यानं विटांचे दोन खांब उभे केले, त्यांवर सिंक ठेवलं, खाली बॉटल ट्रॅप लावला. ट्रॅपच्या वाटीत पाणी साचून राहतं, म्हणून नालीचा वास वर येत नाही. भाऊजींना तो भाग फालतू वाटला. पाणी वाहायला हवं, साचायला कशाला? दिवसभर ते खुर्ची टाकून बसले आणि मिस्त्रीला मागायच्या आधी पाना देत राहिले.

पेन्सिलची खूण अजून आहे, सिंकच्या काठापासून नऊ इंच वर. तिथं खिळा ठोकून भाऊजींनी टॉवेल अडकवलाय. करडीला आलात तर हात धुवा, टॉवेल घ्या. पण तो एवढा उंच का, हे मात्र विचारू नका. चहा थंड होईल.