आधारकाका

झाशीत इतिहासाची वार्षिक व्याख्यानमाला भरवायची तर वक्ता, अध्यक्ष, हार आणि माइक एवढं जमवावं लागतं. आधारकाका आपोआप येतात. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत गोडसेभटजींच्या ‘माझा प्रवास’च्या दोन आवृत्त्या. भाषण संपायच्या आत ते उभे असतात. “दोनच मिनिटं घेतो,” म्हणतात आणि वीस घेतात. अठराव्या शतकात नारोशंकर सुभेदार होऊन आले तेव्हापासून इथे मराठी घरं आहेत. त्यांच्या मराठीत हिंदी इतकं मुरलंय की काकांचा ठरलेला प्रश्नही “मतलब, आधार काय?” असाच येतो. कार्यकर्ते कपाळाला हात लावतात आणि चहावाल्याला थांबायची खूण करतात. माझं म्हणणं असं की व्याख्यानमालेत इतिहास म्हणण्याजोगं जे काही घडतं ते याच वीस मिनिटांत.

पुरावा द्यायचा तर राणी लक्ष्मीबाईंच्या वयाचाच घ्या. जयंती १९ नोव्हेंबरला, यावर भांडण फारसं नाही. वर्ष मात्र कुणी १८२८ सांगतं, कुणी १८३५. लग्न १८४२ मधलं, इथल्याच गणेश मंदिरातलं. वक्ता रंगात येऊन सांगतो की चौदाव्या वर्षी बाईसाहेब बोहल्यावर चढल्या, आणि शेवटी गहिवरून म्हणतो की अवघ्या तेविसाव्या वर्षी त्या धारातीर्थी पडल्या. टाळ्या पडतात. पहिल्या वाक्याला १८२८ हवं, दुसऱ्याला १८३५. एका तासात राणी सात वर्षांनी लहान झाली, आणि भरल्या सभागृहात हे एका माणसाच्या ध्यानात आलं. मृत्यूचंही तेच. आपण १८ जून पाळतो, इंग्रजांच्या कागदांत १७ सापडते. किल्ल्यावर तर उडीची जागाच दाखवतात. पाठीशी मूल बांधून घोड्यासकट त्या तटावरून उडी मारली असेल, तर भांडेरी दरवाजाने बाहेर पडल्याचं सांगतात ते काय, हे काका विचारतात. वक्ता गोडसेभटजींचं नाव घेऊन सुटू पाहतो, तेव्हा पिशवी उघडते. “कुठली प्रत? वैद्यांनी १९०७ साली हात फिरवून छापली ती, की पोतदारांनी १९६६ मध्ये मूळ बरहुकूम काढली ती?” वक्त्याने दोन्ही पाहिलेल्या नसतात. तो पाणी मागतो.

यावर कुणी म्हणेल, लोक राणीला नमस्कार करायला येतात, वजाबाकी करायला नव्हे. खरं आहे, पण नमस्कारासाठी पुतळे आहेत, आणि २०२१ पासून तर रेल्वे स्टेशनलाही तिचंच नाव आहे. व्याख्यानाला यायचं ते काहीतरी नवं कळावं म्हणून. दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे. साऱ्या जगाकडे आधार मागणारे काका आपल्या पणजोबांचा विषय निघाला की अगदी मऊ होतात. १८५८च्या वेढ्याच्या रात्री पणजोबांनी राणीसाहेबांना घोडा आणून दिला, याला आधार काय? तर आजी सांगायची. (झाशीतल्या अशा सगळ्या पणजोबांनी एकेक घोडा दिला असता तर तात्या टोप्यांच्या मदतीवाचूनही इंग्रज सेनापती रोझसाहेबाचा वेढा उठला असता.) इथे काका हरतात, हे कबूल. पण त्याच वेढ्यात झाशीत अडकलेले वरसईचे गोडसेभटजी तरी कोण होते? दक्षिणेच्या आशेने घर सोडलेले भिक्षुक, आणि त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी आठवून लिहिलेली हकीकत. आजीचं बोलणं आणि भटजींचं पुस्तक यांत फरक आहे तो इतकाच की भटजींनी लिहून ठेवलं, म्हणून त्यांना उलट प्रश्न विचारता येतात. काकांनी आजीचं अजून लिहून काढलेलं नाही. त्यांना धरायचं असेल तर या मुद्द्यावर धरावं.

मग त्यांनाच व्याख्यान का देत नाहीत? नको. व्यासपीठावर त्यांना अडवायला तिसऱ्या रांगेत कुणी उरत नाही. ओरछ्याच्या वीरसिंहदेवाने १६१३ मध्ये किल्ला बांधायला घेतला तिथून ते सुरुवात करतील, आणि राणीचे पती गंगाधरराव यांच्या नाटकांच्या हौसेपाशी येईतो रात्रीचे दहा वाजतील. राणीचा अजून जन्म व्हायचा असेल. त्यांची जागा खालीच. फक्त पत्रिका छापताना अध्यक्षीय समारोपाचा अर्धा तास कापून तो ‘शंकासमाधान’ म्हणून द्यावा, आणि चहावाल्याला साडेआठची वेळ सांगावी.