फाउंडेशनवाला

कन्नड तालुक्यातील पिशोर आणि त्याच्या शिवारात आढळणाऱ्या मोटारसायकलस्वारांचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात: गाडी चालली म्हणजे झाले असे मानणारा बहुसंख्य वर्ग, आणि गाडी चालते खरी, पण तिचे इंजिन कंपनीने चुकीच्या रीतीने बसवले आहे अशी खात्री बाळगणारा, संख्येने अल्प परंतु आवाजाने मोठा असा दुसरा वर्ग. या दुसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधीला सोयीसाठी फाउंडेशनवाला म्हणावे. गॅरेजच्या बोलीत फाउंडेशन म्हणजे ज्या पाट्या, बोल्ट आणि रबरी बुश यांच्या आधारे इंजिन चेसिसला, अर्थात गाडीच्या सांगाड्याला, जखडलेले असते ती जोडणी. आणि मानवी सुखदुःखाचे मूळ या जोडणीत आहे, असा या गृहस्थाचा सिद्धान्त आहे.

त्याची गाडी बहुधा शंभर-सव्वाशे सीसीची, वडिलांच्या नावावर पासिंग झालेली आणि मुळात दुधाचे कॅन व अद्रकाची पोती वाहण्यासाठी घेतलेली असते. तिला त्याने बटनाचे टायर, म्हणजे मातीत पकड घेणारे ठळक ठोकळ्यांचे टायर, चढवलेले असतात, पुढचे मडगार्ड वीतभर वर उचललेले असते, आणि परिणामी पावसाळ्यात पाणंदीतला चिखल आता थेट त्याच्या तोंडावर येतो. मात्र खऱ्या डर्ट बाईकवर असेच व्हायचे, असे तो रुमालाने डोळे पुसत सांगतो. गौताळ्याच्या डोंगराकडची खडकाळ वाट उतरताना हँडल थरथरते आणि तळहाताला मुंग्या येतात, ही त्याची तक्रार मात्र खोटी नाही. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली धावतो आणि त्याच्या धक्क्याला तोलून धरणारा दुसरा पिस्टन नसतो. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर हा धक्का सेकंदाला १०० वेळा बसतो, आणि तो कमी करण्यासाठी काही इंजिनांत उलट दिशेने फिरणारा वजनदार दांडा, म्हणजे बॅलन्सर शाफ्ट, बसवलेला असतो. बॅलन्सर शाफ्ट त्याच्या गाडीत नाही, फाउंडेशन आहे. म्हणून तो फाउंडेशनच्या मागे लागतो.

त्याच्या साधनेचा पहिला टप्पा सैलपंथाचा. या काळात तो मळणीयंत्राच्या जुन्या पट्ट्यातून चकत्या कापतो, इंजिनाच्या बोल्टांखाली वॉशरसारख्या सरकवतो आणि नट हातानेच आवळून ठेवतो. हादरे खरोखरच कमी होतात, आणि दोन दिवस तो भेटेल त्याला गाडीच्या टाकीवर तळहात ठेवून पाहायला लावतो. तिसऱ्या दिवशी चेन खाडखाड वाजू लागते, कारण इंजिन आता डुलते, पण मागचे चाक जिथल्या तिथे असते, आणि दोहोंमधली रेषा दर खड्ड्याला वाकडी होते. पुढे इंजिन हलते आणि सायलेन्सर हलत नाही, या वादात दोहोंना जोडणाऱ्या बेंडपाईपला तडा जातो. नॉर्टन या इंग्रजी कंपनीने १९६७ मध्ये कमांडो ही गाडी आणली तेव्हा याच अडचणीचा विचार करून इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या चाकाचा स्विंगआर्म असा सगळा गट एकत्र रबरावर बसवला होता, म्हणजे डुलायचे तर सर्वांनी मिळून डुलावे. शिवाय आडवी हालचाल रोखण्यासाठी पातळ चकत्या घालून फट नेमकी राखावी लागे, फट वाढली की गाडी वळणावर लटपटे आणि घटली की हादरे परत येत. फाउंडेशनवाल्याने यातले रबर तेवढे उचलले.

बेंडपाईप वेल्डिंग करून आणल्यावर तो घट्टपंथात दाखल होतो, आणि काल रबराची महती गाणारा हा पुरुष आज रबराचे नाव काढू देत नाही. आता लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमच्या जाड पाट्या बनवून घेतल्या जातात. इंजिन सांगाड्यात पक्के बसले की तेही सांगाड्याचा एक भाग होते, सांगाडा कमी पिळवटतो आणि गाडी वळणावर सांगेल तिकडे तोंड करते, हा त्यामागचा विचार तत्त्वतः बरोबरच आहे. अडचण एवढीच की कडकपणाही बेताचा लागतो. होंडाने १९९७ मध्ये आपल्या सीआर २५० आर या मोटोक्रॉस गाडीला, म्हणजे मातीच्या उड्यांच्या शर्यतीच्या गाडीला, अॅल्युमिनियमची चेसिस दिली, तेव्हा ती फारच ताठ असल्याची कुरकुर स्वारांनी केली. आणि अशा गाड्यांत सिलिंडरच्या डोक्याला चेसिसशी जोडणाऱ्या लहानशा पाटीची जाडी किंवा धातू बदलून, थोडी लवचीकता परत मिळवण्याचे प्रयोग शर्यतवाले करीत आले आहेत. त्यांना तासाभराच्या आत उतरायचे असते. फाउंडेशनवाल्याला कन्नडला जाऊन यायचे असते, आणि परतल्यावर त्याला चहाची बशी धरवत नाही.

त्याची परीक्षणपद्धती स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावी. गाडीचा एक आरसा त्याने शोभेसाठी काढून टाकला आहे, दुसरा केवळ शास्त्रासाठी ठेवला आहे: गाडी साठच्या वेगाने चालवायची आणि मागून येणाऱ्या ट्रकची नंबरप्लेट त्या आरशात वाचायची. अक्षरे वाचता आली तर फाउंडेशन उत्तम, नुसता काळा-पांढरा फराटा दिसला तर रबर बदलायचे. ही कसोटी शास्त्रीयदृष्ट्या फारशी वाईट नाही. फक्त ती घेताना समोर पाहायचे राहून जाते.

त्याला विरोध करणे कठीण, कारण त्याचा एक मावसभाऊ वाळूजला आहे. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाल्यापासून जिल्ह्यातल्या बऱ्याच घरांचा कोणी ना कोणी तिकडच्या एखाद्या कंपनीत लागलेला असतो. फाउंडेशनवाल्याचा मावसभाऊ तिथे पॅकिंगला आहे की कॅन्टीनला, हे कोणी विचारीत नाही, आणि "भाऊ, कंपनीतली माणसंच सांगतात, रबर हलकं टाकतेत म्हणून," या वाक्यापुढे गावातला अनुभवी फिटरही हातातला चौदाचा पाना खाली ठेवून गप्प बसतो. नंतर तोच फिटर मूळचे बुश नवे टाकून, बोल्ट नीट आवळून देतो आणि गाडी पुष्कळशी सुधारते. कारण निम्म्या गाड्यांचा आजार एवढाच असतो की जुने रबर कडक होऊन चिरलेले असते. या उपचाराचे श्रेय फाउंडेशनवाला आपल्या आधीच्या पाट्यांना देतो.

कायद्याचा विषय निघाला की तो इंजिनाचा विषय काढतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि त्या कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीविना केलेल्या दर फेरबदलामागे ठेवलेला ५,००० रुपयांचा दंड यांचा हिशेब त्याच्या वडिलांनी, गाडी त्यांच्याच नावावर असल्यामुळे, एकदा मनातल्या मनात केला आणि टायर, मडगार्ड, आरसा इथपर्यंत येऊन तो सोडून दिला.

हल्ली त्याची नजर घरच्या ट्रॅक्टरकडे वळली आहे. सीटवर बसून मणका हादरतो, याचे कारण फाउंडेशनच असणार, असे त्याने जाहीर केले असून मळणीयंत्राचा आणखी एक पट्टाही मिळवला आहे. वास्तविक बहुतेक ट्रॅक्टरांत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बोल्टांनी जोडलेले असतात आणि तोच सांगाडा असतो. वेगळी चेसिस नसते, तेव्हा इंजिनाखाली चकत्या सरकवायला फाउंडेशनही नसते. हे त्याला फिटरने अजून सांगितलेले नाही, आणि वडिलांनी पान्यांची पेटी तूर्त कुलपात ठेवली आहे.